मागणारा ओठ, हसणारा ओठ

वसुंधरा सप्रे मॅडमच्या वर्गात शिरायचं तर आधी जिन्याखालच्या नळावर चूळ भरावी लागे. इंदूरच्या माणसाचं तोंड रिकामं असतं ते झोपेत, आणि तेही सगळ्यांचं नाही. त्यामुळे हा नियम पोरांना भलताच जड जाई. गुटखा, सुपारी तर सोडाच, पण सौंफ चघळत, खोकल्याची गोळी गालात धरून आलेला मुलगासुद्धा मॅडम दारातून परत पाठवत. बाकीचे नियमही असेच विचित्र होते. उत्तर देणाऱ्याने खिडकीशी येऊन उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं. तोंडावर हात नाही, रुमाल नाही, ओढणी नाही. एका वेळी एकानेच बोलायचं. मुलांनी मिशा वाढवायला हरकत नव्हती, पण त्या ओठांवर उतरता कामा नयेत.

स्नेहलतागंजात, स्टेशनच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर हा इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास होता. बेटमा, देपालपूर, महू, कुठून कुठून पोरं येत. मॅडमच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी होती आणि सकाळची बॅच त्यांचीच असे. ‘मॅडम म्हणजे मिलिटरी आहे’ असं पोरं म्हणत, आणि तरी त्याच बॅचला जागा मिळावी म्हणून धडपडत.

मैत्री शेंडे या क्लासमध्ये शिकवायला नवीन लागली होती. महूची मुलगी. आजोबा शंकरराव फौजेत होते. त्यांनी नातीला बाराखडीच्या आधी परेडच्या आज्ञा शिकवल्या होत्या, त्यामुळे इंग्रजीची भीती तिला कधी शिवलीच नाही. एम. ए. झालेली, हुशार, चार पावलं पुढे जायची घाई असलेली. खालच्या मजल्यावर लहान मुलांना शिकवून ती कंटाळली होती. अशात एका सकाळी क्लासचा मालक समीर याने तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं.

ही केबिन चारी बाजूंनी काचेची होती. आत एसी, दार घट्ट बंद. आतून सगळा क्लास दिसतो आणि आतलं बोलणं बाहेर कानोकान कळत नाही, याचं समीरला फार कौतुक होतं. दुसरं कौतुक त्याला स्वतःच्या इंग्रजीचं होतं. तो वसुंधरा मॅडमचाच जुना विद्यार्थी. ‘समीर, तुझ्याइतकं स्वच्छ इंग्रजी या खोलीत कुणी बोललं नाही,’ असं मॅडम त्याला एकदा म्हणाल्या होत्या. ते एक वाक्य उराशी धरून त्याने पुढे हा क्लास उभा केला, मॅडमना सन्मानाने इथे आणलं, आणि मुलांना घेऊन येणाऱ्या प्रत्येक बापाला तो ते वाक्य ऐकवत असे.

“मैत्री, बैठ. बात अशी आहे,” समीर म्हणाला. “मॅडम आता थकल्यात यार. आपण इतका भारी नवीन हॉल बनवला, प्रोजेक्टर लावला, एसी लावला. मॅडमनी तिथे दोन क्लास घेतले आणि पूरा गोंधळ. पोरं सवाल विचारतायत आणि ह्या गुमसुम उभ्या. पोरगा एक बोलला, ह्यांनी जवाब तिसराच दिला. दोन पॅरेंट्सची शिकायत आली. मी काय बोलू त्यांना? माझ्या तोंडून तर निघत पण नाही. तू असं कर, थोडे दिवस मॅडमच्या क्लासमध्ये मागे बस. त्यांना वाटू दे शिकायला बसलीस. मग मला सच सच सांग. पुढच्या महिन्यापासून सगळ्या बॅचेस हॉलमध्येच होणार. मॅडमकडून नसेल होत, तर ही बॅच तुझी.”

“हो सर,” मैत्री म्हणाली. काचेपलीकडे, व्हरांड्याच्या पार टोकाला, वसुंधरा मॅडम फळा पुसायचं फडकं झटकत उभ्या होत्या. मैत्रीला उगाच ओशाळल्यासारखं झालं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं उद्या लोक म्हणणार. पण संधी दारात आली की तिला पाट मांडावा, हे तिच्या आईचं वाक्य होतं.

ती मागच्या बाकावर बसू लागली.

पहिल्या दिवशी मॅडमनी मुलांना कुठल्या क्रियापदापुढे ‘टू’ घ्यायचं आणि कुठल्यापुढे ‘इंग’ लावायचं, ते शिकवायला घेतलं. या ठिकाणी भल्याभल्यांची गाडी अडते. मैत्री स्वतः कॉलेजात हे सगळं रटून पास झाली होती. मॅडमनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. त्या मुलांना म्हणाल्या, “टू म्हणा. ओठ कुठे गेले?”

“पुढे,” मुलं म्हणाली.

“पुढे. आता गोइंग म्हणा, शेवटाला ओठ कुठे गेले?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ओठ रुंद झाले होते, कानांकडे गेले होते.

“झालं तर,” मॅडम म्हणाल्या. “एक मागणारा ओठ आणि एक हसणारा ओठ. जे अजून मिळालेलं नाही, व्हायचं आहे, त्याच्यासाठी माणूस ओठ पुढे करतो. लहान मूल करतं तसं. वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस. सगळी पुढे बघणारी माणसं. आय वाँट टू गो. आणि जे हाती आलंय, भोगून झालंय, त्याच्या आठवणीने ओठ रुंद होतात. एन्जॉय, फिनिश, मिस. आय एन्जॉय गोइंग. सगळ्या शब्दांना हे लागत नाही, काही नाठाळ आहेत, ते रटावेच लागतील. पण आधी ओठांना विचारा.”

बेटम्याहून येणारा विक्रांत नावाचा एक आडदांड मुलगा होता. तो खिडकीशी जाऊन म्हणाला, “मॅडम, मग डिनायच्या पुढे पण इंग आहे. आरोप नाकारताना हसायचं कशाला?”

“चोरी नाकारताना चोर मनात हसतोच रे,” मॅडम म्हणाल्या, आणि वर्ग खो खो हसला.

मैत्रीला हसू आलं आणि मग जरा भीतीही वाटली. असं आपल्याला कधी शिकवता येईल का? मॅडमचा आवाज मात्र गमतीदार होता. एकाच पट्टीत चालायचा, ना वर ना खाली. विनोद आणि दरडावणी एकाच सुरात. पण चूक पकडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मुलगा ‘टू’ गिळून बोलला तरी त्यांना कळे. मग या बाई हॉलमध्ये का चुकल्या असतील, हे कोडं मैत्रीला उलगडेना.

अशात रंगपंचमी आली. इंदुरात होळी म्हणजे नुसती तालीम. खरा खेळ रंगपंचमीचा. राजवाड्यापुढून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, टँकरांतून रंग उडतो, गुलालाने आभाळ दिसेनासं होतं, आणि अख्खं शहर ओरडून ओरडून घसा बसवून घेतं. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा कुणाच्या कानामागे हिरवं, कुणाच्या भांगात गुलाबी असं अजून उरलंच होतं.

“काल काय काय केलं, ते एकेकाने सांगा,” मॅडम म्हणाल्या. “विक्रांत, तू.”

विक्रांत खिडकीशी गेला. तोंड उघडलं आणि बोलायला लागला. मैत्री मागे वहीत काहीतरी लिहीत होती. तिला काही ऐकू आलं नाही. पंखा आवाज करतोय म्हणून तिने कान दिला. पंखा, खालच्या रस्त्यावरचे रिक्षांचे भोंगे, बस. तिने वर पाहिलं. विक्रांतचं तोंड हलत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या आणि घशातून फुंकरीएवढासुद्धा आवाज येत नव्हता. गेरमध्ये पार बसवून आला होता पठ्ठ्या. पुढच्या बाकावरची मुलंसुद्धा माना पुढे काढून काही ऐकू येतंय का ते पाहत होती.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “एन्जॉइडनंतर ओठ पुढे कशाला गेले? मागतोयस काय? एन्जॉइड डान्सिंग. परत म्हण.”

विक्रांतने परत म्हटलं. आवाज नाहीच.

“हं, आता बरोबर. मग बेटम्याला परत कसा गेलास?”

विक्रांतचे ओठ हलले.

“ट्रॅक्टरवर? सगळे सात गाववाले एका ट्रॉलीत? वाक्य चांगलं केलंस, पण डिसाइडेड गोइंग नाही. ठरवलं तेव्हा जायचं बाकी होतं ना? डिसाइडेड टू गो. बस खाली.”

कुणी हसलं नाही. मैत्रीचं पेन हातातच राहिलं. त्या खोलीत विक्रांतचं बोलणं एकाही माणसाने ऐकलं नव्हतं, आणि मॅडमनी त्यातल्या दोन चुका सुधारल्या होत्या.

पुढची पाळी श्रेयाची होती. ही मुलगी चुणचुणीत, आणि तिचा आवाज ठणठणीत होता. मैत्रीने तो मघाशीच जिन्यात ऐकला होता. श्रेया उभी राहिली, तिने एकदा विक्रांतकडे पाहिलं, आणि तीही आवाज न काढता बोलू लागली. फक्त ओठ हलवत.

मॅडमनी एक वाक्य पाहिलं, दुसरं पाहिलं. मग त्यांची नजर श्रेयाच्या ओठांवरून खाली गळ्यावर गेली.

“तुझा घसा बसलेला नाही,” त्या म्हणाल्या. “तुझी मान गप्प आहे. तू आवाज न काढता बोलतेयस.” त्या विक्रांतकडे वळल्या. “विक्रांत जोर लावून बोलत होता. मला वाटलं, घोगरा का होईना पण आवाज येत असेल. त्यालाही आवाज नव्हता, हो ना?”

सगळ्या वर्गाने होकारार्थी मान हलवली.

मॅडम खुर्चीवर बसल्या. मैत्रीने त्यांना वर्गात बसलेलं प्रथमच पाहिलं. दोन्ही हात टेबलावर ठेवून, त्याच एका पट्टीतल्या आवाजात त्या म्हणाल्या, “मला ऐकू येत नाही. थोडंसुद्धा नाही. तुम्ही जन्मला नव्हतात तेव्हापासून नाही. नस सुकत गेली, मशीनचाही उपयोग नाही. तुम्ही जे बोलता ते मी बघते.”

श्रेयाला रडू फुटलं. “सॉरी मॅडम, मजाक नव्हते करत मी. कसम से. मला बस बघायचं होतं की खरंच...”

“बघितलंस ना? मग डोळे पूस आणि आवाज काढून बोल. माझ्यासाठी नाही, बाकीच्यांना ऐकू येतं,” मॅडम म्हणाल्या. “आणि डोळे पुसताना तोंडावर हात नको.”

त्या तासाला मैत्रीच्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट जागेवर येऊन बसत गेली. नळावरची चूळ. खिडकीचा उजेड. ओढणी, मिशा, एकाने बोलायचं. कुणी बोलत असताना मॅडम फळ्याकडे कधीच वळत नसत, हेही तिला आत्ता आठवलं. आणि तो हॉल! काळे पडदे, दिवे बंद, अंधारात बसलेली मुलं. तिथे या बाईला आंधळंच करून टाकलं होतं, आणि वर शिकायत. ज्या बाईच्या जगात आवाज म्हणून उरला नव्हता, ती पोरांना बोलायला शिकवत होती. मैत्रीने फौजेतल्या बहादुरीच्या कहाण्या लहानपणापासून ऐकल्या होत्या. अशी कुणी सांगितली नव्हती.

मुलं गेल्यावर मॅडम तिच्या बाकाशी आल्या. “मग? समीरला काय सांगणार आहेस?”

मैत्री गडबडली. “मॅडम, तुम्हाला कसं...”

“काचेतून,” मॅडम म्हणाल्या. “मी व्हरांड्यात फडकं झटकत होते. ‘मॅडम आता थकल्यात यार.’ तुझं ‘हो सर’ तर फार स्वच्छ होतं.”

मैत्रीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतके दिवस ही बाई सगळं माहीत असून आपल्याला मागच्या बाकावर बसू देत होती, वर चहाही पाजत होती.

“लाजू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “रविवारी घरी ये. पोहे खायला.”

सप्रे रामबागेत राहत. रविवारी सकाळी मैत्री पोचली तेव्हा दार उघडंच होतं. खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. एका खुर्चीत मॅडमचे यजमान गजाननराव, बँकेतून निवृत्त झालेले, पेपर हनुवटीच्या खाली धरून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही. समोर मॅडम चहाचा कप हातात धरून त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या.

“खजराण्याच्या रस्त्यावर परत खोदकाम?” मॅडम म्हणाल्या. “आत्ताच तर बुजवला होता.”

गजाननराव ओठांनीच काहीतरी बोलले आणि मॅडम खळखळून हसल्या. वर्गात त्या अशा कधी हसत नसत. मैत्री दारातच उभी राहिली. आत जाऊन हे मोडावं असं तिला वाटेना.

शेवटी गजाननरावांचं लक्ष गेलं. “अरे, या या! मैत्री ना?” त्यांचा आवाज चांगला भरदार होता. “आमचा रोजचा रियाज चाललाय. सवय लागून गेली. कॉलनीत लोक समजतात की नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे. एक शेजारीण तर समझौता करायला पण आली होती.”

भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्यातल्या गजाननरावांना चांगली झुपकेदार मिशी होती, नाकाखाली ऐटीत बसलेली. मैत्री कधी फोटोकडे, कधी त्यांच्या तुळतुळीत ओठाकडे बघू लागली.

“हिला दिसेना त्याच्यातून काही,” गजाननराव सहज म्हणाले. “ऐकू येणं कमी झालं तसं ही माझ्या तोंडाकडे बघायला लागली. एक दिवस म्हणाली, तुमचा वरचा ओठ मला कधी भेटलाच नाही. मी बाथरूममध्ये गेलो आणि उडवून आलो. बँकेत पंधरा दिवस चिडवलं सगळ्यांनी.”

“महिनाभर,” मॅडम म्हणाल्या. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

मैत्रीने पोह्यांची बशी उचलली, वरची शेव उगाच चमच्याने इकडून तिकडे केली. मग हिंमत करून तिने मान वर केली आणि मॅडमना दिसेल असं, नीट, म्हणाली, “मॅडम, मी सरांना सांगते, काही प्रॉब्लेम नाही. मॅडम एकदम ठीक शिकवतात. बस.”

“खोटं नको,” मॅडम म्हणाल्या. “खोट्याचं माझं पुरे झालं. बहिऱ्या बाईकडे बोलायला शिकायला कोण येणार, असं वाटलं म्हणून सुरुवातीला लपवलं. मग लपवलंय हेच लपवत बसले. ताकाला गेले आणि भांडं पाठीमागे धरलं, ते आजतागायत. तू खरंच सांग त्याला. माझी खोली राहिली तर खऱ्यावर राहू दे. फक्त एक कर.”

“काय मॅडम?”

“माझ्यासमोर सांग. मला दिसेल असं.”

निघताना गजाननराव जिन्यापर्यंत आले. आवाज खाली आणून म्हणाले, “बेटा, मिशी काय, ठेवली की परत येते. हिचा वर्ग एकदा गेला तर परत येणार नाही. हिच्याकडे तोंड करून बोलणारी माणसं तेवढीच आहेत.” मग स्वतःशीच हसले. “आवाज मी कशाला खाली आणला कोण जाणे.”

सोमवारी मैत्री लवकर आली. समीर जिन्यातच भेटला.

“सर, मला तुम्हाला सांगायचंय. मॅडमसमोर.”

“समोर नको यार, ऑकवर्ड होईल,” समीर म्हणाला. “आज मी स्वतःच बसतो. बॅच हॉलमध्ये घ्यायला सांगितली आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?” आणि तो फोनवर बोलत वर निघून गेला.

हॉलमध्ये काळे पडदे ओढले होते. एसीचा गारवा होता. समोरच्या पडद्यावर प्रोजेक्टरने मोठ्या अक्षरांत क्रियापदं टाकली होती, काहींपुढे ‘टू’, काहींपुढे ‘इंग’. त्या उजेडाच्या कडेला मॅडम उभ्या होत्या. बाकीचा हॉल काळामिट्ट. मागच्या रांगेत समीर, शेजारी मैत्री.

“शुरू करा मॅडम,” समीर मागून म्हणाला.

मॅडम अंधाराकडे बघत उभ्या राहिल्या.

“मॅडम! शुरू करा ना,” तो मोठ्याने म्हणाला.

काही नाही. मॅडमनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. समीरने मैत्रीकडे वाकून सुस्कारा टाकला. “बघितलंस? मला पण चांगलं नाही वाटत यार, पण...”

“विक्रांत,” मॅडम अंधाराला उद्देशून म्हणाल्या. “होपचं वाक्य.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विक्रांतने जागेवरून उत्तर दिलं नाही. तो रांगेतून बाहेर आला, चालत पुढे गेला आणि सरळ प्रोजेक्टरच्या झोतात जाऊन उभा राहिला. डोळे मिचकावत, मॅडमकडे तोंड करून. अक्षरं त्याच्या कपाळावर, गालावर, सदऱ्यावर पसरली. त्याचा घसा अजून पुरता सुटला नव्हता. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ओठांनी नीट घडवत तो म्हणाला, “आय होप टू स्टे इन धिस बॅच.”

मॅडमचा चेहरा उजळला. “बरोबर. श्रेया, एन्जॉय.”

श्रेया उठून झोतात गेली. “आय एन्जॉय लर्निंग फ्रॉम यू.”

“अरे, बीच में काय येताय!” समीर मागून ओरडला. “स्लाइड झाकली जातेय! जागेवरून बोला ना!”

कुणी ऐकलं नाही. तिसरा मुलगा आपणहून उठला, मग देपालपूरच्या दोघी, मग पूर्ण रांगच. अंधारातून एकेक जण पुढे जाई, झोतात चेहरा धरी, आपलं वाक्य बोले आणि बाजूला होई. कुणी तोंडावर हात नेत नव्हतं, कुणी मधे बोलत नव्हतं. सगळे नियम जसेच्या तसे, फक्त खिडकी नव्हती. मॅडम एकेकाचे ओठ वाचून ‘बरोबर’, ‘नाही, मागणारा ओठ’, ‘हं, आता हसलास’ असं म्हणत होत्या. मैत्रीने देवळात आरती घेणाऱ्यांच्या रांगा पाहिल्या होत्या. ही तिला त्याहून मोठी वाटली.

रांग संपली तेव्हा ती उठली. झोतात गेल्यावर काहीच दिसेना, सगळं पांढरं. मॅडम कुठे आहेत त्याचा अंदाज घेऊन ती तिकडे वळली.

“सर, रिपोर्ट देते,” ती म्हणाली. “मॅडमना ऐकू येत नाही. वर्षानुवर्षं नाही. त्या ओठ वाचतात. दोन वेगवेगळ्या भाषांतले, आणि इंदूरच्या पोरांचे. अंधारात ओठ दिसत नाहीत, म्हणून या हॉलमध्ये त्यांना शिकवता येत नाही. खिडकीच्या खोलीत त्या जे करतात, ते मला या जन्मात जमणार नाही. बॅच मला नको सर. मला मागचा बाक पाहिजे.”

मागून पावलं वाजली. समीर चालत पुढे आला. मैत्री बाजूला झाली तसा तो त्या उजेडात येऊन उभा राहिला. क्लासचा मालक असा कपाळावर अक्षरं घेऊन उभा राहिलेला मुलांनी कधी पाहिला नव्हता.

“मॅडम,” तो म्हणाला, “मी तुमच्याकडे होतो... तेव्हा?”

“तेव्हाही नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मग ते... माझ्याइतकं स्वच्छ कुणी बोललं नाही, ते?” त्याच्या तोंडून शब्द अडखळत येत होते. “मी सगळी दुनिया... मॅडम, ते झूठ होतं?”

“नाही रे. तुझ्याइतके स्वच्छ ओठ मी आजवर बघितले नाहीत. एक अक्षर चोरलं नाहीस कधी. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

समीरने लहान मुलासारखी मान ताठ केली, हात पाठीमागे घेतले आणि ओठ नीट उघडून म्हणाला, “आय रिमेंबर स्टँडिंग बाय युअर विंडो.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “हसणारा ओठ. तू रडतोयस, पण ओठ बरोबर आहे.”

समीर वळला, भिंतीपाशी गेला आणि त्याने काळा पडदा दोन्ही हातांनी ओढून बाजूला केला. मागे खिडकी होतीच. स्नेहलतागंजचं सकाळचं ऊन भसकन आत आलं, पडद्यावरची अक्षरं पुसट झाली आणि हॉलमधले सगळे चेहरे एकदम दिसायला लागले. मॅडम एकेक करून त्यांच्याकडे बघत राहिल्या. समीर पाठमोरा, खिडकीच्या गजाला धरून, फोनवर कुणाला तरी सांगत होता की मॅडमची खोली मॅडमचीच राहील, प्रोजेक्टर खाली न्या.

मॅडमनी मैत्रीला खुणेने जवळ बोलावलं. तिच्या तोंडाकडे बघत, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं, “समीरचा आवाज कसा आहे गं? मी कधी ऐकलाच नाही.”

मैत्रीने कान दिला. मग उजेडाकडे तोंड करून, ओठ नीट हलवत ती म्हणाली, “जाड आहे, मॅडम. छान आहे. आत्ता जरा बसलाय.”

“सांग त्याला,” मॅडम म्हणाल्या, “चांगला असेल असं मला वाटलंच होतं.”